भाड्याचे घोडे, सरकारी तोफा

स्वेटर घाला. त्यावर कोट घाला. मग कानटोपी शोधा, आणि ती सापडली की आणखी एक स्वेटर घाला. आपण निघालोय कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात, ग्वेल्फ नावाच्या गावी, १९२९ सालच्या फेब्रुवारीत. पोचल्यावर पहिला श्वास घ्याल तो नाकातच गोठेल. घाबरू नका. नाक गळून पडत नाही, पडेल असं फक्त वाटतं.

संध्याकाळ झालीय. ट्राम खडखडत निघून गेली. तिच्या दिव्यात रस्त्यावरचा बर्फ क्षणभर पिवळा दिसला आणि पुन्हा निळा झाला. हवेत दगडी कोळशाचा धूर आहे: घरांच्या भट्ट्यांचा, इंजिनांचा, ओतशाळांचा. थोड्या वेळाने तो जिभेवरही जाणवेल. रेल्वेच्या रुळांजवळ ती किल्ला व्हायची राहून गेलेली इमारत दिसतेय ना? ती इथली आर्मरी. शस्त्रागार, कवायतीचं मैदान आणि जिमखाना, तिन्ही एकाच छपराखाली. दार जड आहे, खांदा लावा.

आत शिरताच चष्म्यावर वाफ धरेल. तो पुसेपर्यंत नाकाने बघा. ओली लोकर. तोफेचं तेल. पितळ घासायच्या पॉलिशचा घशात जाणारा दर्प. कातड्याला लावायचा साबण. पाइपचा तंबाखू. आणि या सगळ्याखाली, कुठेतरी कोपऱ्यात, घोड्याचा वास. घोडा इथे एकही नाही. फक्त त्याचं सामान आहे: खोगीर, लगाम, गळपट्टे, साखळ्या. घोडे नंतर येतील, तेही भाड्याने.

चष्मा पुसला? आता माणसं बघा. कोपऱ्यात बोटं चोळत उभा असलेला पोरगा टोप्यांच्या कारखान्यात वाफेवर नमदा ताणतो. त्याच्याशेजारचा बँकेत कारकून आहे. तो दांडगा ओतशाळेतला, भुवया भाजलेल्या आहेत म्हणून ओळखू येतो. दोघं-तिघं शेतकी महाविद्यालयातले विद्यार्थी. हे सगळे आठवड्यातून एका रात्री तोफखाना होतात. यालाच मिलिशिया म्हणतात. देश जवळपास एक कोटी लोकांचा, आणि पगारी, कायम सैन्य चार हजारांच्या आसपास. बाकी भिस्त या मंडळींवर. म्हणजे कारकुनावर, ओतणाऱ्यावर आणि आज रात्रीपुरती तुमच्यावर.

कोठीवरचा सार्जंट तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो आणि मापाशी काहीही संबंध नसलेला गणवेश पुढे सरकवतो. खाकी सर्ज. गळ्याशी इतकं टोचेल की थोड्याच वेळात तुम्ही मान वळवायची सोडून द्याल आणि आपोआप शिस्तबद्ध दिसायला लागाल. पायाला गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळायच्या. सैल बांधल्या तर कवायतीच्या मधोमध सुटतात, घट्ट बांधल्या तर पाय बधिर होतो. छातीवर तिरपा चामडी पट्टा. आणि टाचांना काटेरी आरा. होय, घोड्याला टाच मारायच्या त्या आरा. तोफखान्याचा शिपाई म्हणजे घोड्यावरचा माणूस, ही समजूत अजून पक्की आहे. मग तो आयुष्यात घोड्यावर बसलेला असो वा नसो. जिना उतरताना पाय आडवे टाका. सरळ उतरलात तर आरा पायरीत अडकतात आणि सगळी बॅटरी, म्हणजे तोफखान्याची ही तुकडी, तुमचं लोटांगण बघते. इथल्या प्रत्येकाने ते एकदा घातलेलं आहे, त्यामुळे हसतील, पण प्रेमाने.

आणि आता ती बघा. दिव्याखाली उभी आहे. अठरा पौंडी.

हिचं नाव गोळ्याच्या वजनावरून पडलं. गोळा सुमारे साडेआठ किलोचा आणि त्याच्याच बुडाला पितळी काडतूस जोडलेलं. लाकडी चाकं, त्यांवर लोखंडी धाव. नळीच्या वर दोरखंडाने गुंडाळलेला एक लांबट डबा. बार उडाला की नळी हातभर मागे सरकते आणि त्या डब्यातल्या स्प्रिंगा तिला पुन्हा जागेवर आणतात. गाडा मात्र जागचा फारसा हलत नाही. हात लावा. गार आहे, बोटं चिकटतील इतकी गार, आणि तेलाने बुळबुळीत. ही जात फ्रान्सच्या चिखलातून आलेली आहे. पहिलं महायुद्ध संपून दहा वर्षं झाली, माणसं घरी गेली, म्हातारी झाली किंवा झालीच नाहीत. तोफा त्याच आहेत.

पायदळाच्या पलटणीला निशाण असतं. तोफखान्याला नसतं, तोफ हेच त्याचं निशाण. म्हणून तिला टेकून उभं राहायचं नाही, तिच्यावर टोपी ठेवायची नाही. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुसून पुजतात, इथे ती नवमी दर आठवड्याला येते. हळदकुंकवाऐवजी चिंधी आणि तेल. एक माणूस फक्त तोफेच्या दट्ट्यावरची पितळी खूण घासत बसलाय. तुम्ही विचारलंत, “अहो, एवढी चमकतेय की,” तर तो वर न बघता म्हणेल, “चमकतेय म्हणूनच.”

शिट्टी. जागा घ्या.

एका तोफेवर सहा जण, आणि प्रत्येकाला नावाऐवजी आकडा. एक नंबर म्हणजे सार्जंट, तोफेचा धनी. दोन नंबर उजवीकडे बसून तोफेचं कूस, म्हणजे गोळा भरायचं मागचं तोंड, उघडतो-मिटतो. तीन नंबर डावीकडे, दुर्बिणीला डोळा लावून नेम धरतो. चार नंबर गोळा भरतो. पाच आणि सहा गोळे आणून देतात. तुम्ही सहा. सगळ्यात कमी अक्कल लागते म्हणून नव्हे, असं सार्जंट सांगतो, आणि मग बराच वेळ गप्प राहतो.

त्याचा आवाज छताला जाऊन आपटतो आणि दुप्पट होऊन परत येतो. हुकूम प्रत्येकाने ओरडून परत म्हणायचा. खिळ्यांचे बूट फरशीवर सटासट वाजतात. कूस उघडलं, लाकडी नकली गोळा आत, कूस बंद, “तयार!”, खटका. काहीच उडत नाही. पुन्हा. पुन्हा. खोटा गोळाही अंगठ्याला खरा लागतो, हे तुम्हाला लवकरच कळेल. सार्जंट अंगठ्याकडे बघतो आणि म्हणतो, बोट नाही, मूठ लाव. कूस मिटताना बोट आत राहिलं तर ते तुझं राहणार नाही. तो हे गमतीत म्हणत नाही. त्याच्या डाव्या हाताला चारच बोटं आहेत.

मग गंमत. सगळे एका लांब मेजाभोवती जमतात. मेजावर वाळू, त्यात चिमुकल्या टेकड्या, शेवाळाची झाडं, काड्यापेटीएवढं चर्च. खाली एक जण सिगारेट ओढत दडलेला. अधिकारी पलीकडून दुर्बिणीने बघत अंतर सांगतो. कारकुनाने आकडेमोड केली की खालचा माणूस बरोबर त्या जागी छिद्रातून धूर सोडतो. “पुढे पडला. दोनशे यार्ड मागे.” पुन्हा धूर. “मागे पडला. शंभर पुढे.” लक्ष्य दोन चुकांच्या मधे कोंडायचं आणि मग त्या चुका जवळ जवळ आणायच्या, ही सगळी विद्या. गोळे महाग, धूर फुकट. सरकारचा हिशेब इतका साधा आहे. चर्च उडालं की पोरं टाळ्या वाजवतात.

चार बोटांचा सार्जंट टाळ्या वाजवत नाही. त्याने चर्चं उडताना पाहिलेली आहेत. महायुद्धातली व्हिमीची टेकडी, पॅशनडेलचा चिखल, यांबद्दल कुणी विचारलं तर तो घोड्यांबद्दल बोलतो. कुठला घोडा लाथ मारायचा, कुठल्याला सफरचंद आवडायचं. माणसांबद्दल नाही. या गावातलाच एक पोरगा, जॉन मॅक्रे, लहानपणी इथल्याच तोफखान्यात भरती झाला होता. पुढे डॉक्टर झाला, कवी झाला, फ्लँडर्सच्या शेतांवरच्या त्याच्या कवितेमुळे खसखशीचं लाल फूल जगभर हुतात्म्यांचं फूल झालं, आणि तो स्वतः १९१८ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये न्युमोनियाने गेला. नवी पोरं त्याची कविता शाळेत पाठ करून आलीत. ती म्हणायला लागली की सार्जंट पाइप भरायला बाहेर जातो. बाहेर किती थंडी आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आता स्वेटर काढा. सगळे. उन्हाळा आला.

गाडी रात्रभर चाललीय. चारशेहून जास्त किलोमीटर, ईशान्येला, ओटावा नदीकाठच्या पेटावावा छावणीला. सपाट डब्यांवर तोफा दोरांनी बांधलेल्या. घोड्यांच्या डब्यातून लाथांचे आवाज. तुमच्या डब्यात मोजे वाळत घातलेत, आणि त्याबद्दल जितकं कमी लिहावं तितकं बरं. उतरताच पाय घोट्यापर्यंत वाळूत जातो. इथे सगळीकडे वाळू आणि पाइनची झाडं. दुपारी ऊन तापलं की झाडांतून डिंकाचा वास सुटतो, इतका गोड की क्षणभर सुट्टीला आल्यासारखं वाटतं. तेवढ्यात काळ्या माश्या येतात.

या माश्यांना कमी लेखू नका. डासांसारख्या त्या गुणगुणत नाहीत, सांगून येत नाहीत. कानामागे, केसांत, बाहीच्या आत शिरतात, आणि रक्ताचा ओघळ आल्यावरच तुम्हाला कळतं. सगळे जण गवती चहाच्या वासाचं सिट्रोनेलाचं तेल फासून बसलेत. माश्यांना ते बहुधा चटणी म्हणून आवडत असावं.

आणि घोडे! सैन्याचे म्हणावेत असे फार थोडे. बाकी शेतकऱ्यांकडून, कोळसेवाल्याकडून, पाववाल्याकडून पंधरवड्यापुरते मागून आणलेले. एका तोफेला सहा, दोन-दोनच्या तीन जोड्या. प्रत्येक जोडीच्या डाव्या घोड्यावर हाकणारा बसतो आणि उजव्या घोड्याला हाताने सांभाळतो. त्याच्या उजव्या पायाला चामडं आणि लोखंडाचं कवच असतं, कारण मधली दांडी पायावर आली तर हाड राहत नाही. आता यातला एक घोडा नांगराचा, त्याला पळणं हा प्रकार मान्य नाही. दुसरा दुधाच्या गाडीचा. त्याला दर पन्नास पावलांवर थांबायची सवय. सहा घोडे, दोन टन ओझं, धूळ उडवत वळण घेतायत, अधिकारी अभिमानाने बघतोय, आणि दुधवाल्याचा घोडा अधिकाऱ्यांच्या तंबूसमोर शांतपणे उभा राहतो. रतीब घालून झाला की निघेल. शिव्या कुणाला कळतात? घोड्याला तर नाहीच.

पहाटे बिगुल. अजून अंधार आहे, गवतावर दव, तंबूचं कापड ओलं होऊन गालाला लागतंय. वर्तुळाकार तंबूत मधल्या खांबाकडे पाय करून सगळे झोपलेत. शेवटी आलेल्याला दाराशी जागा, आणि रात्री बाहेर जाणारा प्रत्येक जण त्याच्यावर पाय देतो. शेवटी कोण आलं होतं हे सांगायला नकोच.

उठा. चहा नाही. आधी घोडे.

दावणीला साठ-सत्तर घोडे फुरफुरत उभे आहेत. आधी पाणी, मग खरारा, मग चंदी. तोबरा तोंडाला बांधला की चावण्याचा एकसारखा कुरकुर आवाज सगळ्या रांगेतून येतो, आणि तो ऐकताना तुमच्या पोटात खड्डा पडतो. खरारा करताना लय लागते: दोन हात ब्रशचे, एक झटका. घामट, ऊबदार, गोडसर वास हातांना चिकटतो आणि पंधरा दिवस जात नाही. बँकेतला कारकून, ज्याला महिन्यापूर्वी घोड्याची पुढची बाजू कुठली हेही नीट सांगता आलं नसतं, तो आता एका थोराड घोडीचा खूर मांडीवर घेऊन खडे काढतोय आणि तिच्याशी बोलतोय. बायकोशी बोलत असेल त्यापेक्षा जास्त. यानंतर न्याहारी: खारवलेलं डुकराचं मांस, घेवडा, पाव, जाम आणि बादलीतला काळा चहा. घेवडा दुपारीही आहे. रात्रीचं विचारू नका.

मग तो दिवस येतो, ज्याच्यासाठी हिवाळाभर लाकडी गोळे भरले.

कानात कापूस घाला. अजून घाला. तोफा पाइनच्या ओळीमागे उभ्या, चाकं वाळूत रुतलेली. समोर दिसतं ते फक्त झुडूप. लक्ष्य कित्येक हजार यार्डांवर टेकडीपलीकडे आहे. ते बघणारा अधिकारी पुढे चौकीत बसलाय आणि त्याचे आकडे टेलिफोनच्या तारेतून खरखरत येतायत. तारेवरचा पोरगा ते मोठ्याने म्हणतो. तीन नंबर चाकं फिरवतो, बुडबुडा मधे आणतो. तुम्ही गोळ्याच्या नाकावरची कडी फिरवून वेळ लावता: किती सेकंदांनी हवेत फुटायचं ते. हात थरथरतोय. थरथरू द्या, आकडा चुकू देऊ नका. त्या गोळ्यात पावणेचारशेच्या आसपास शिशाच्या गोट्या आहेत.

“तोफ तयार!”

एवढ्या वेळात पहिल्यांदाच सगळं शांत आहे. एक माशी तुमच्या कानामागे जेवतेय. हलू नका.

“फायर!”

आवाज कानाला नंतर लागतो, आधी छातीला लागतो. बरगड्या एकदम आत येतात. वाळू उडून दातात. नळी झपकन मागे येते आणि एखादी वस्तू विसरल्यासारखी सावकाश पुढे जाते. कूस उघडतं, पितळी पुंगळी खणखणत बाहेर पडते, तिच्या तोंडातून निळा धूर, आणि सडक्या अंड्याचा, जळक्या केसांचा वास. पुंगळी उचलू नका! उचललीत? बघू हात. सगळेच उचलतात.

मग दूरवरून, झाडांच्या पलीकडून, एक पोकळ ‘ठप्प’. पांढऱ्या धुराचा गोळा आकाशात कुठेतरी फुटला असेल. तुम्हाला तो दिसत नाही. तारेवरचा पोरगा ऐकतो. सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत. “पुढे पडला,” तो म्हणतो, “दोनशे कमी.” सहा जण एकदम श्वास सोडतात. चार बोटांचा सार्जंट पहिल्यांदाच हसतो. घामाने, तेलाने आणि वाळूने तुमचा चेहरा ओळखू येत नाहीये आणि तुम्हाला आणखी एक गोळा हवाय. बस, संपलं. वाट्याला आलेले गोळे इतकेच. पुढचे पुढच्या उन्हाळ्यात. वर्षभर तोफ घासली, पुसली, ओढली, रात्री जागून राखली, आणि उडवली चहा थंड व्हायच्या आत. या सौद्यात तोटा झाला असं मात्र इथे कुणालाच वाटत नाही.

पगाराच्या दिवशी मेजासमोर रांग लागते. तुमचं नाव पुकारतात, तुम्ही सही करता, पैसे मेजावर ठेवले जातात. उचलू नका. शेजारी दुसरा कागद आहे, त्यावर दुसरी सही: हे पैसे मी बॅटरीच्या फंडाला दिले. जबरदस्ती कुणाची नाही, पण मागच्या रांगेचे डोळे पाठीला टोचतात. या पैशांतून बूट येतात, नाताळला पोरांसाठी खाऊ येतो, तुटलेलं सामान दुरुस्त होतं. देशाचं रक्षण करायचं आणि वर त्याचे पैसेही आपणच भरायचे, हा उद्योग कॅनडाभरच्या अशा तुकड्यांत चालू आहे. ओटावातल्या सरकारला तो सोयीचा आहे, म्हणून तिकडून कुणी चकार शब्द काढत नाही.

आता तीन-चार वर्षं पुढे सरका. धक्का बसेल, सांभाळा.

तीच आर्मरी, तोच वास, पण गर्दी जास्त. मंदी आलीय. ओतशाळेतल्या दांडग्याला काम नाही. टोप्यांचा पोरगा अर्धा आठवडा कामावर असतो. लोक लवकर येतात आणि उशिरा जातात, कारण इथे भट्टी गरम असते आणि चहा मिळतो. त्या दुसऱ्या कागदावर सही करताना आता काहींचा हात अडखळतो, आणि मागच्या रांगेतले डोळे त्या वेळी छताकडे बघतात. ज्याने सही केली नाही त्याला कुणी काही बोलत नाही. त्याला तीन पोरं आहेत. गावातली काही बिनकामाची तरुण मुलं संरक्षण खात्याच्या मदत छावण्यांत गेलीत. रस्ते फोडायचे, झाडं तोडायची, जेवणखाण आणि वर दिवसाला २० सेंट. त्यांच्यापेक्षा आपण बरे, असं इथे कुणीतरी म्हणतं. मग कुणीच काही म्हणत नाही.

छावणीचे दिवस कमी झालेत, गोळे आणखी कमी. पण पितळ चमकतंय.

घोडेही जायला लागलेत. कुणा भाजीवाल्याचा ट्रक मागून आणायचा, तोफ मागे बांधायची. पहिल्या वेळी तुम्ही ट्रकच्या मागच्या फळीवर बसा आणि मागे बघत राहा. ट्रक वेग घेतो, तोफेची लाकडी चाकं घोड्यांच्या चालीसाठी केलेली, ती थडथडायला लागतात, आरे करकरतात, एक खिळा उडून रस्त्यावर जातो. चालकाला ओरडून सांगा: हळू! कोबीची पानं तुमच्या मांडीवर आहेत. यावर उपाय म्हणजे हवेची रबरी चाकं, आणि ती सावकाश, एकेक करून येतायत. पेट्रोलचा वास नव्या पोरांना आवडतो. सार्जंट रिकाम्या दावणीच्या खुंट्यांवर आपला कोट टांगतो. १९३५ मध्ये राजाने कॅनडाच्या तोफखान्याला ‘रॉयल’ पदवी दिली. खांद्यावरची अक्षरं बदलली. ट्रक अजूनही भाजीवाल्याचाच.

एकच उडी उरलीय, आणि ती लांबची नाही. १९३९ चा सप्टेंबर. पुन्हा महायुद्ध सुरू झालंय. आर्मरीच्या दारातून रांग बाहेर आलीय, कोपऱ्यावरून वळलीय. ऊन आहे, सिगारेटचा धूर आहे, कुणाची तरी आई पोराची कॉलर नीट करतेय आणि तो लाजून मान सोडवून घेतोय. आत पडद्यामागे डॉक्टर. शर्ट काढा, खोका, जीभ दाखवा, पुढे. फरशी तळव्यांना गार लागते. मेजाशी बसलेला कारकून तोच, आपला बँकेतला. खांद्यावर आता पट्ट्या वाढल्यात आणि केस कमी झालेत.

तुमच्या पुढे चार बोटांचा सार्जंट उभा आहे. मिशा काळ्या केल्यात. कानांवर बुटाच्या पॉलिशचा डाग तसाच राहिलाय.

“वय?” कारकून विचारतो.

“एकोणचाळीस.”

“सार्जंट, गेल्या वर्षी तुम्ही पन्नास पुरे केलेत. केक मी आणला होता.”

“केक बरा होता,” सार्जंट म्हणतो. “लिही. एकोणचाळीस.”

कारकून दौतीत टाक बुडवतो. मागून कुणीतरी तुम्हाला ढकलतं आणि विचारतं, रांगेत आहात की नुसतेच उभे आहात?